कडेनं

पाषाणला रात्रीचे साडेअकरा.
अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपचा पंखा
आणि पडद्यावर एक पेशी,
कडेनं हिरवी, काचेच्या बांगडीसारखी.
हिरवं म्हणजे तिचे रिसेप्टर,
प्रत्येक जण सात टाके घालून
पटलात शिवलेला.

मी लिपिडचा थेंब सोडते.

आम्हाला वाटायचं, निरोप समोरून येतो,
कडी वाजवतो.
पण याच्या तर डोक्यावर झाकण.
लिपिड आधी पटलातच मुरतं,
तिथलंच होऊन जातं,
मग दोन खांबांमधल्या फटीतून
कडेनं आत सरकतं.

पाचव्या मिनिटाला कड ठिपक्याठिपक्यांची.
विसाव्याला सगळं हिरवं आत.
आता कितीही ओता,
दारात कोणी नाही.

अण्णा एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते.
हल्ली घरचा फोन वाजून वाजून थांबतो
आणि ते शेजारच्याच खुर्चीत.
कान ठणठणीत आहेत, डॉक्टर देवस्थळी म्हणाले,
माझ्याकडे बघत.

पेशी धुते, ताजं माध्यम घालते.
तासा-दोन तासांनी रिसेप्टर परततात वर.
सगळे नाहीत.

कोथरूडला पोचते तेव्हा अण्णा जागेच.
जेवलात का, विचारत नाही.
पायाशी बसते,
टाचांच्या भेगांत कोमट खोबरेल जिरवत राहते.
वाटी निम्मी होते.
रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर
तिसऱ्या किकला सुरू होते.

"सातारा लाइनला," अण्णा म्हणतात,
"फार खरखर असायची."