पान उलटणारी

दर गुरुवारी रात्री, भट्टी निवली की
रुश्तू उस्ता पिठाच्या पोत्यावर पाय टाकून बसतात
आणि मी फळीवरचा टीव्ही लावते.
इझमिरच्या जुन्या बाजारामागची ही गल्ली
तेव्हा झोपलेली असते, मांजरं सोडून.

मालिका एका मुलीची.
ती पियानो वाजवत नाही.
वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगाला बसून
स्वरलिपीची पानं उलटते.
बस, एवढंच.
उस्ता पहिल्या दिवशी म्हणाले,
"चार सुरांसाठी तीन तास! त्यात साबणाच्या जाहिराती.
एवढ्या वेळात माणसाचं लग्न लागून मोडतं."
पण पुढच्या गुरुवारी चहा त्यांनीच टाकला.

अकराव्या भागात दोन पानं चिकटली.
सभागृह भरलेलं, दिवे अंगावर,
वादकाची बोटं ओळीच्या टोकाशी आलेली
आणि तिच्या चिमटीत एकाऐवजी दोन कागद.
इथं माझंच धाबं दणाणलं.
तिनं लोकांकडे पाहिलं नाही.
वादकाकडेही नाही.
कागदाच्या कडेवर फुंकर घातली,
मेणबत्ती विझणार नाही इतकीच,
आणि एक पान परत आणलं.
टाळ्या झाल्या त्या अर्ध्या तासानं,
आणि दुसऱ्याला.

जाहिरात लागायच्या आत उस्तांनी टीव्ही बंद केला.
"बघितलंस? घाबरली होती.
मान कशी ताठ झाली होती तिची!
भीती कुठं गेली नव्हती.
तिनं ती फक्त हातापर्यंत येऊ दिली नाही."
मग बराच वेळ
स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले.
मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

ईदच्या पहाटे साडेसहाशे बोयोझ हवे होते.
रांग कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत.
उस्ता तेलात मुरलेला गोळा उचलतात,
संगमरवरावर चापटतात, हवेत फिरवतात
आणि कणीक पसरते, पसरते, मलमलीसारखी,
खालच्या दगडाच्या शिरा दिसेपर्यंत.
चाळीस वर्षं लोक ते बघायला
काचेला नाक लावून उभे राहतात.
त्या पहाटे डावा हात थरथरला.
एकदा. मग थांबेचना.
कणकेला बोटभर भोक.
काचेपलीकडे कुणीतरी मोबाईल वर धरलेला.

मी काय शिकले त्या मालिकेतून?
विचाराल तर सांगता यायचं नाही.
धीर धरावा, हे तर
औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही छापतात.
मला फक्त तिची खुर्ची आठवली.
मी उस्तांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले.
रांगेकडे पाहिलं नाही.
उस्तांकडेही नाही.
कणकेच्या कडेखाली बोटं सरकवली.
त्यांनी ओढलं तेव्हा मी सोडलं,
त्यांनी सोडलं तेव्हा ओढलं.
भोक दुमडीत गेलं, वरून ताहिनी.
"नवी पद्धत वाटतं?" पहिल्या गिऱ्हाइकानं विचारलं.
"सोबत अंडं हवंय की नको?" उस्ता म्हणाले.

तेराव्या भागानंतर वाहिनीनं मालिका गुंडाळली.
प्रेक्षक मिळेनात म्हणे.
ती मुलगी कधी स्वतः वाजवायला बसली का,
कळलंच नाही.
उस्तांना हे फार लागलं.
अजून विचारतात, "नझ्मिये, काय झालं असेल गं तिचं?"
मी कधी तिचं लग्न लावून देते,
कधी तिला व्हिएन्नाला पाठवते.
"लग्न नको," उस्ता म्हणतात. "व्हिएन्नाही नको, थंडी असते."

परवाच्या गुरुवारी टीव्हीवर फुटबॉल होता.
आवाज बंद करून आम्ही उद्याची कणीक काढत बसलो.
शेवटचा एक गोळा उरला,
तेव्हा उस्ता हात पुसत म्हणाले,
"आज डावीकडे मी उभा राहतो."

मी गोळा उचलला.
मान ताठ.