सुट्टे दहा

बोर्डावर लिहून होतं, कटिंग, अन् त्याच्यापुढं पाच.
पाचाच्या पुढचा आकडा उन्हानं सोलून पडला.
थो शून्य होता का नऊ होता
हे फक्त प्रशीललेच ठाऊक,
अन् थो सांगत नाही.

पोयाले साठ देल्ले. संक्रांतीले सत्तर.
काल खुर्चीत टेकाच्या आधीच इचारलं,
"बाबू, किती घेशीन?"
म्हने, "बसा ना काका, तुमच्याजोळून का जास्ती घेतो!"
या वाक्याचा भाव मले आजलोक
कोनी सांगतला नाही.

एकतीस वर्स कंडक्टरी केली म्या.
दारव्हा ते यवतमाळ, मधात लाडखेड,
सहा किलोमीटरचा टप्पा, टप्प्याचं भाडं छापील.
पोट्टं बाराचं हाय का दहाचं
यावर भांडलो असन मायबायाईशी,
पन डोक्शावर केस किती हे पाहून
कोनाले तिकीट फाडलं नाही.
माह्या डोक्शावर तं आता दोनच थांबे,
एक-एक कानाच्या वर.
मधातली वस्ती कवाचीच उठली.

त्यानं पानी फवारलं. पान्याले गुलाबाचा वास.
"मशीन मारू का कैची?"
मी म्हनलं, कशाचे किती?
थो म्हने, मशीनच मारतो.
मंग न इचारता टाळूवर चार थापा,
मान कडकन मोडली
(म्या मनात लिहून घेतलं, वीस वाढले).

बाजूच्या खुर्चीत कोतवालाचं पोट्टं,
कानावर इजेची रेघ कोरून घेतलेलं. त्याचे दीडशे.
त्याच्या आधी मास्तर उठले, त्याईचे पन्नास.
"मास्तरले काहून पन्नास?"
"त्याईनं मले शिकवलं."
"अन् याले दीडशे?"
"याले कोनीच शिकवलं नाही."

"तुमचे नव्वद."

मी उठलो तसाच, कापड गयात.
"नव्वद? कोन्त्या टप्प्याचे नव्वद? तिकीट दाखव!"
सप्पा दुकान चूप.
पंखा तेवढा बोलत राह्यला.

प्रशील चिडला नाही. कैची पुसता पुसता म्हने,
"काका, माहा बुढा बारा महिने तुमच्या घरी येत होता.
तुमची दाढी, तुमच्या बापाची, पाव्हन्याची,
मयतीले डोक्शे बी त्यानंच काढले.
खयं झालं का सूप घेऊन उभा राहे.
त्याचा बोर्ड कुठं होता?"

मले खयं आठोलं.
बाप सप्पा पायलीनं मोजे,
एवढी एक ज्वारी हातानं टाके,
ढिगाच्या बुडातली, मातीसकट.
"घे बाप्पा," म्हने, "तुले का कमी देतो!"
थो मानूस सूप झटके,
माती खाली, दाने वर,
अन् काही न बोलता जाये.
मी तवा बंडीवर बसून होतो. मुरमुरे खात.

शंभराची नोट काढली.
"दहा सुट्टे नाही काका, पुढच्या खेपेले."

हे वाक्य माहंच होतं.
किती दोन, किती पाच
तिकिटाच्या मांगं पेनानं लिहून देल्ले
अन् थे फाट्यावर उतरून गेले.
एक बाई तं गाडी हालल्यावर पयत आली होती,
तिकीट वर धरून.
म्या घंटी मारली नाही.
गाडी लेट होती. खरंच लेट होती.

"लिहून दे," मी म्हनलं.
थो पाहतच राह्यला.
मंग दाढीच्या कागदाचा तुकडा फाडला,
फेस नव्हता थ्या बाजूनं लिहिलं, दहा,
अन् खाली सही बी केली, मोठ्ठी,
बँकेत करते तशी.

घरी बायकोनं मांगून पाह्यलं.
म्हने, डाव्या कानामांगं राह्यले थोडे.
मी म्हनलं, राहू दे.
जाच लागते मले तिथं.