लवकरच

ऋजुतानं साइट बांधून दिली
आणि ती ब्रिस्टलला गेली.
तेव्हापासून टॉडमॉर्डनमधल्या माझ्या दुकानाला दोन काचा :
एक सकाळी पुसतो, एक रात्री.

फॅक्सचा नंबर काढला.
बुधवारची अर्धी सुट्टी घातली.
नाताळचा तारा कोपऱ्यात राहिलाय
हे मार्चमध्ये कळलं.
नावाचं भाडं दरसाल.

फक्त ‘हातानं फिरवायची शिलाई मशीन : दुरुस्ती लवकरच’
हे पान नऊ वर्षं तसंच.
सुटे भाग मिळत नाहीत,
असं मी मलाच सांगत आलो.

काल काढूनच टाकणार होतो,
तर आकडे दिसले :
महिन्याला तिघं-चौघं, न चुकता,
त्या बंद दाराशी
थांबून गेलेली.

‘लवकरच’ खोडलं.
लिहिलं :
घेऊन या. बघतो.