आजारी वावर

स्टेशनच्या मागच्या कुंपणाला लागून
बारा गुंठे आहेत.
तिथं आम्ही आजार पाळतो.

बदनापूरच्या एका शाळेची सहल आली होती,
एका पोरानं विचारलं, मग औषध का नाही मारत?
मुंजाजी म्हणाले, मारलं तर शिकायचं कुणापासून?
निघताना सगळ्यांच्या बुटांची माती
त्यांनी घमेल्यात खरवडून घेतली.
हितली हितंच ऱ्हाऊ द्या.

सतरा वर्षं हेच.
मेलेली तूर उपटायची,
कोयत्यानं बोटबोट तुकडे करायचे
आणि पुन्हा त्याच मातीत, पाळी घालून.
मर जिवंत राहिली पाहिजे.

दोन ओळी नव्या वाणाच्या,
मग एक ओळ हमखास मरणारीची.
वहीत तिला तुल्य वाण म्हणतात,
मुंजाजी साक्षीदार म्हणतात.
ती मेली
तरच शेजारणीचं जगणं धरायचं.

कार्तिकात मोजणी.
पायाखाली ओल असते, तरी शेंडे खाली.
बुडापासून वर चढलेला जांभळा पट्टा,
खोड उभं चिरलं की आत
पेन्सिलीच्या शिशासारखी काळी रेघ.
चिरायचं, बघायचं, लिहायचं.
तेविसावी ओळ, साक्षीदारांची:
झाडं एक्केचाळीस, मेली चाळीस.
एक उभं होतं, पिवळ्या फुलोऱ्यात,
आणि त्यावर माशी, तिला काय त्याचं.

साहेब म्हणाले, भेसळ असेल.
उपटा, शंभर टक्के लिहा.
मी लिहिलं. पेन्सिलीनं लिहिलं.
दुपारच्या डब्यानंतर खोडलं.

चतुराबाईंनी आपणहून सांगितलं,
हातातलं खुरपं खाली न ठेवता:
नांगी पडली होती बाई, बरी दिसंना.
पदराला घरच्या तुरी होत्या. लावली एक.

साहेब आधी चिडले, मग गप्प झाले,
मग त्यांनीच मला जीपची चावी दिली.
चतुराबाईंच्या घरात डिस्टेंपरच्या जुन्या डब्यात
राखेत घोळलेलं बी निघालं,
बारीक, तांबूस, ठिपक्याठिपक्यांचं.
त्या म्हणाल्या, लई दिवस खाती ही.
शिजायलाबी सरपण लागतंय.
पण सासूच्या हातची हाय.

पुढच्या मृगात चाळीस दाणे
आजारी वावरात त्यांनीच टोकले,
एकेक, कुणाशी न बोलता.
जणू लेकराला वसतिगृहात सोडत होत्या.

कार्तिकात एकतीस उधळली.

एकतीस?
एकतीस.
नऊ राहिलीत बाई, म्हटलं, नऊ.
नऊ म्हणजे किती असतात हे
त्यांना कसं सांगावं मला कळेना.
वरून पाठवलेल्या दीडशे ओळींत
आजवर इतकी कुठं राहिली होती.
पण त्या ऐकत नव्हत्या.
बांधाला टेकून एक मेलेलं खोड
नखानं सोलत होत्या.
काळी रेघ दिसली तशा थांबल्या.

आमच्या वावरातबी असंच व्हतं, म्हणाल्या.
आम्ही पाण्याला बोल लावायचो.
कधी ह्यांना.

नऊ झाडांना मलमलच्या पिशव्या बांधल्या,
बाहेरचा पराग नको म्हणून.
माशा पिशवीवर बसून परत गेल्या.
वहीत वाणाच्या नावाची जागा कोरीच आहे.
साहेब म्हणतात, आधी तीन पिढ्या टिकू दे.
बी कुठून आलं, या रकान्यात
मी लिहिलं: नांगीतून.
त्यांनी सही केली, काही विचारलं नाही.

एकतिसांचे तुकडे चतुराबाईंनीच केले.
बोटभर करा, मुंजाजी म्हणाले.
त्यांनी पहिल्या तुकड्याला बोट लावून पाहिलं,
मग नाही.
पाळी फिरली. सगळं मातीत गेलं.

निघताना घमेल्यापाशी
चपलेची माती त्यांनी दगडावर आपटून काढली,
दोन पावलं गेल्या,
मग मागं येऊन
पदरही झाडला.