पंखा नंबर सत्तेचाळीस

चाळकेवाडीच्या सड्यावर माझी ड्यूटी.
पत्र्याची चौकी, एक खुर्ची, वर गरगरणारा पंखा
आणि दोन रकान्यांची नोंदवही:
आत कोण आलं, बाहेर कोण गेलं.
बहुतेक दिवस वाराच येतो, वाराच जातो.
त्याची सही घेता येत नाही.

एप्रिल सरता सरता
जांभ्यावर चपलेचा तळ मऊ पडतो,
तेव्हा तो वर येऊन बसतो.
वीतभर. मातकट. धोंड्यावर धोंड्यासारखा.
आणि मग गळ्याखालून उघडतो
निळा, मग काळा, मग शेंदरी,
एवढ्याशा जिवाचं एवढं थोरलं निशाण.
पलीकडच्या धोंड्यावरचाही उघडतो.
मधल्या चार हात जमिनीची भाऊबंदकी,
वकिलाशिवाय चाललेली.

मुलाणी मॅडम कराडच्या. म्हणाल्या,
शास्त्राच्या पुस्तकातसुद्धा याचं नाव सरडाच.
मला बरं वाटलं.
सडा आणि सरडा, मधे फक्त एक र.

त्या टेप घेऊन येतात.
एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे जातात,
तो पळाला की थांबतात, खडूनं फुली मारतात,
फुलीपासून धोंड्यापर्यंत मोजतात.
काय मोजताय, म्हटलं.
"भीती, आकारामदादा."

पंखे नाहीत त्या सड्यावर अकरा फूट.
इथं चार.
पात्यांच्या भयानं इकडं शिकारी पाखरं फिरकत नाहीत,
मग यानं भ्यायचं कुणाला?
मी मान डोलावली.
कंपनीची बोलेरो वळणावर दिसली
की मी दोनशे फुटांवरून उठतो, टोपी घालतो,
हे काही सांगितलं नाही.

रात्री पायरीशी फुरसं येतं,
अंगावर अंग घासत करवत चालवतं.
त्याचं बरं आहे,
किती लांब राहायचं ते तेच सांगतं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं आमचं कुंपण बघितलं नसणार.
तारेखालून हा दिवसातून दहादा जातो-येतो,
मी वहीत घेत नाही.
कुंपणापर्यंत धाव माझी.
पलीकडं कुसळी गवतात आमची म्हसरं चरायची,
तिथं आता अठ्ठेचाळीस नंबर.

पात्याची सावली त्याच्यावरून सरकते,
दर तीन सेकंदाला, मी घड्याळ लावून बघितलंय.
याचा आजा दबत असेल.
हा डोळा मिटत नाही.

परवा वारा पडला.
तिन्ही पाती जागच्या जागी.
इतकं गप्प झालं की कान दुखले.
मॅडम सहा फुटांवर, एक पाय उचललेला,
तो धोंड्यावर, गळा उघडा, निळा, अगदी निळा.

सावली आली.
लहान होती. तीन सेकंदांच्या हिशोबातली नव्हती.
तो बसून राहिला.

धोंडा मागं राहिला, तापलेला.
मॅडमनी उचललेला पाय
बऱ्याच वेळानं खाली ठेवला.
खडू काढला, परत खिशात घातला.

मी चौकीत आलो. वही उघडली.
वारा: नाही.
वीज: नाही.
आत आले: एक.
बाहेर गेले: दोन.