व्हर्नाची वही

लोक दुकानात येतात आणि एकच विचारतात,
डेलबर्ट, भरवशाचं कुठलं?
जसं काही मी जावई शोधून देतो.

मी म्हणतो, भरवसा कपाटात नसतो.
पिस्तूल घ्या, दोनशे गोळ्या घ्या,
खडीच्या खाणीवर जा आणि मोजा.
एकशे नव्याण्णव सुटल्या, एक अडकली,
तर पुन्हा एकपासून.
बहुतेक पन्नासालाच कंटाळतात.
गोळ्या महाग झाल्यात, तेही खरंच.

व्हर्ना टिबेट्स कंटाळली नाही.
जनावरांच्या दवाखान्यात रात्रपाळी करते,
घर विनेमकापासून साठ मैल आत,
शेरीफला पोचायला पन्नास मिनिटं, बर्फ नसेल तर.
तिनं वही घातली, वासरांच्या लसींची असते तशी:
तारीख, वारा, कुठली गोळी, कितवं मॅगझिन.
मॅगझिनांवर नेलपॉलिशचे ठिपके,
पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन,
तिसऱ्याला ओरखडा, कारण बाटली संपली.

एकशे सदतिसाव्याला पितळेचं टरफल
दारात बोट चेमटावं तसं अडकलं.
ती पिस्तूल टॉवेलात गुंडाळून घेऊन आली,
आजारी मांजर आणावं तसं.
मी खोललं. स्प्रिंग पाहिली, टरफल ओढणारा पंजा पाहिला,
ओरखड्याचं मॅगझिन कचऱ्यात टाकलं.
आमच्याकडे गाई आहेत, म्हशी नाहीत,
पण भरवशाच्या म्हशीला टोणगा इथंही होतो.

पुन्हा एकपासून.
या खेपेला मीही गेलो.
ट्रकच्या बोनेटवर थर्मास, कानांवर झाकणं,
लांब एक कोल्हा, आमच्याशी काही देणंघेणं नसलेला.
ऐंशी. शंभर. दीडशे. एक चूक नाही.
म्हटलं, आता डाव्या हातानं. एकट्या.
उजव्यात टॉर्च असेल, फोन असेल,
किंवा उजवा कामातून गेलेला असेल.

तिसऱ्या गोळीला अडकलं.
सातव्याला परत.
ती माझ्याकडे बघते, मी पिस्तुलाकडे.
मग ते माझ्या डाव्या हातात घेतलं.
दहा मारल्या, दहाही सुटल्या.

हे सांगणं अवघड असतं.
लोखंडाला मागं सरकायला मनगटाची भिंत लागते,
भिंत हलली की ते अर्ध्यात थांबतं,
पाहुण्यांसमोर गिळलेल्या वाक्यासारखं.
आणि याला वहीत रकाना नव्हता.

ती ट्रकच्या फाळक्यावर बसली,
मी न विचारलेलं सांगत:
डावं मनगट, तीन वर्षांपूर्वी, दोन जागी.
पडून नाही.
ज्यानं मोडलं तो मार्चमध्ये सुटतोय, एलीच्या तुरुंगातून.
तोही भरवशाचाच होता, डेलबर्ट.
चर्चमध्ये सगळे तसंच म्हणायचे.
दोनशे रविवार
एकदाही न अडकलेला.

मी निवलेली कॉफी ओतली, दुसरं काय करणार.
तिनं ती प्यायली, तोंड वाकडं केलं,
वही उघडून "कितवं मॅगझिन" खोडलं,
वर लिहिलं: मनगट.
खाली: १.

रात्री घरी मी माझा खण उघडला.
अकरा वर्षं उशाशी, तेलपाणी केलेलं, देखणं.
यातून शेवटची कधी सुटली ते आठवेना.
लोकांना मोजायला लावणारा मी.
खण लावला, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

शनिवारी पुन्हा खाणीवर.
गोळ्या माझ्या, सँडविच तिचं.
दवाखान्यात ती हल्ली वासरं डाव्या हातानं धरते म्हणे,
आणि वासरं, तिच्या मते,
फार प्रामाणिकपणे लाथा मारतात.