मानशीचं दार

चोडणच्या धक्क्यावर, फेरीबोट लागते तिथून
बारा पावलांवर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, एक-चौदाचा उतारा,
विजेचं बिल, पोर्तुगालच्या जन्मनोंदणीचे कागद.
संगणक एकच. पंख्याचं तोंड त्याच्याकडे,
गिऱ्हाइकांनी घाम पुसावा.

मंगळवारी कुस्तानमावशीच्या पेन्शनचं पान उघडलं
तर जमा रकमेच्या डोक्यावर
जुगाराच्या जाहिरातीतली एक बाई नाचायला लागली.
मावशीनं चष्मा पुसला.
"सुकांती, ही कोण गो? बँकेत नवी लागली?"
मी हसले,
आणि पान लगेच बंद केलं.

रात्री शटर अर्धं ओढून
ब्राउझरची ती यादी काढली
जी मी कधीच काढली नव्हती.
एकवीस प्लग-इन्स.
हवामान सांगणारं. कूपनं शोधणारं.
पीडीएफ जोडणारी दोन, तोडणारी तीन.
भाच्यानं गाणी उतरवायला घातलेलं एक,
आणि एक, ज्याचं चित्र मांजराचं आहे
आणि काम काय ते मांजरालाच ठाऊक.
प्रत्येकाखाली तेच वाक्य बारीक अक्षरात:
सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सगळा डेटा
वाचू शकते, बदलू शकते.
आणि प्रत्येकाला कधीतरी मीच म्हटलेलं, मान्य.
रांगेत माणसं उभी असताना
माणूस कशालाही मान्य म्हणतो.

बाबा खाजनावरच्या मानशीचे राखणदार.
भरतीला दार आपोआप मिटायचं,
ओहोटीला आपोआप उघडायचं.
तरी रोज रात्री कंदील घेऊन बांधावर.
आपोआप मिटतं तर जाता कशाला, मी विचारायचे.
"आपोआप म्हणूनच," ते म्हणायचे.
"आणि बांध लाटेनं फुटत नाही, बाय,
कुर्लीच्या बिळानं फुटतो."
एकदा मीठ शिरलं
की तीन पावसाळे शेत भाताला तोंड दाखवत नाही.

मी सगळी बंद केली.
मग एकेक चालू, एकेक पान, एकेकदा वाट बघणं.
पीडीएफवाली निर्दोष, पण पाच कशाला? एक ठेवलं.
कूपनवालं गेलं. हवामान खिडकीतून दिसतं.
मांजर काढताना जरा वाईट वाटलं.
बाई मात्र आली नाही.
पहाटेची पहिली बोट भोंगा देईपर्यंत
एकच उरलं होतं,
आणि त्याला हात लावायचं मी टाळत होते.

ओर्लांदनं बनवलेलं ते.
शेजारच्या वाड्यावरचा, कॉलेजात असताना.
रोमी कोकणी टाइप करा, देवनागरी होते.
त्यावर मी सहा वर्षं अर्ज लिहिले,
लग्नपत्रिका, मयताच्या जाहिराती.
चालू केलं.
बाई आली, नाचत.

माहिती उघडली. त्याचं नाव नव्हतं.
कुठल्यातरी कंपनीचं होतं, पत्ता नसलेल्या.
गेल्या डिसेंबरात अपडेट झालेलं.
आपोआप.

स्विंडनला रात्र होती, तरी उत्तर आलं:
विकलं गो. तिकिटाला पैसे कमी पडत होते.
काय केलंय त्यांनी त्यात?
मी उत्तर रोमीतच लिहिलं,
देवनागरी करणारं आता काही नव्हतं.
लिहिलं की काही नाही, जेवून झोप.
कुर्ली काही वैर म्हणून बीळ करत नाही,
हेही बाबाच सांगायचे,
बिळात चिखल कोंबता कोंबता.

मग ब्राउझर नवा करून घेतला, यंत्रणाही.
दुकानाचे पासवर्ड सगळे बदलले.
कॅलेंडरवर दर अमावस्येला
बाबा भरती लिहायचे त्या जागी लिहिलं: यादी.
तीन उरलीत. तिघांची नावं मला पाठ.

सकाळी मावशी आली, पासवर्ड बदलायला.
जुना तिच्या नवऱ्याच्या नावाचा होता,
नवा कुणाच्या, ते मी बघितलं नाही, तोंड फिरवलं.
मग पडद्याकडे वाकून ती म्हणाली,
"ती बाई गेली?"
गेली.
"बरी नाचायची हां," मावशी म्हणाली
आणि पावती घडी करून पदरी नाही, बटव्यात ठेवली.